शितावरून भाताची परीक्षा. पण शीत काढलं कुणी?

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की पेपरात ठरलेल्या बातम्या येऊ लागतात. अमुक इतका खवा जप्त, तमुक किलो भेसळीचं तेल पकडलं, नमुने तपासणीसाठी रवाना. सोबत फोटो असतो. पोत्यांपुढे उभे असलेले साहेब आणि मान खाली घातलेला दुकानदार. आपण बातमी वाचतो, चहाचा घोट घेतो आणि ठरवतो, यंदा बाहेरचे पेढे नकोत. पण मैत्रिणींनो, एक विचारू? गेल्या दिवाळीत रवाना झालेल्या त्या नमुन्यांचं पुढे काय झालं, हे तुमच्यापैकी कुणी वाचलंय? तीन वर्षांपूर्वीच्या नमुन्यांचं?

महिला मंडळात हा विषय निघाला की उत्तर तयार असतं. "अहो, पैसे खाल्ले असतील. एका लॅबने भेसळ म्हटलं, दुसऱ्या लॅबने क्लीन चिट दिली. सगळी मिलीभगत!" पैसे कुठेच खाल्ले जात नाहीत, असं म्हणण्याइतकी मी भोळी नाही. पण ग्राहकांच्या आणि बचत गटांच्या कामात इतकी वर्षं घालवल्यावर माझं मत जरा वेगळं झालंय. दोन अहवाल वेगळे आले म्हणजे कुणीतरी खोटंच बोलतंय, असं नसतं. आणि भेसळीचा खटला बऱ्याचदा कोर्टात हरत नाही, तो त्याआधीच हरलेला असतो. नमुना घेताना, बाटली सील करताना, टपालात, फ्रीजमध्ये.

आपल्या स्वयंपाकघरातलंच उदाहरण घेऊ. दूध तापवून ठेवलं की वर साय धरते. तुम्ही पातेलं न ढवळता वरचं वाटीभर दूध काढलंत आणि जाऊबाईंनी तळातलं काढलं, तर दोघींच्या वाटीतलं दूध सारखं असेल का? एकीच्या दुधात स्निग्धांश भरपूर, दुसरीच्या दुधात कमी. दोन्ही वाट्या एकाच म्हशीच्या दुधाच्या. दह्याचं तसंच. आज लावलेलं दही आणि तेच दही आठ दिवसांनी, चव तरी सारखी राहते का? म्हणूनच नमुना घेण्यापूर्वी माल नीट एकजीव करायचा असतो, दुधाच्या नमुन्यात तो नासू नये म्हणून फॉर्मालिनचे थेंब घालायचे असतात आणि बाटल्या कोरड्या, स्वच्छ हव्यात. यातलं एक काही चुकलं की दोन प्रयोगशाळा प्रामाणिकपणे काम करूनही दोन वेगळे आकडे देणार. आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. खरंच आहे. पण ते शीत त्याच पातेल्यातलं आहे आणि वेळेत चाचपलंय, एवढी तरी खात्री हवी ना?

कायद्याने ही अडचण फार पूर्वीच ओळखली होती. १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा होता, त्यात नमुन्याचे तीन भाग करायचे. एक सरकारी विश्लेषकाकडे, बाकीचे दोन स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याकडे सांभाळून ठेवायचे. विश्लेषकाचा अहवाल विरोधात गेला तर दुकानदाराला त्याची प्रत मिळायची आणि प्रत मिळाल्यापासून १० दिवसांत त्याने कोर्टाकडे अर्ज केला, तर दुसरा भाग केंद्रीय अन्न प्रयोगशाळेकडे जायचा. अशा प्रयोगशाळा चार होत्या: कोलकाता, म्हैसूर, गाझियाबाद आणि आपल्या पुण्याची. या केंद्रीय प्रयोगशाळेचा दाखला शेवटचा. तो आला की पहिला अहवाल पुसला गेला असं समजायचं. १९९९ मध्ये कोलकाता महापालिकेच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. केंद्रीय प्रयोगशाळेचा दाखला आल्यावर पहिल्या अहवालाचा आधार घेऊन शिक्षा मागता येणार नाही. म्हणजे एक अहवाल 'हो' म्हणतो, एक 'नाही' म्हणतो, तर न्यायाधीशांनी दोन्हींतलं आवडेल ते निवडायचं, असं नव्हतं. कुणाचा शब्द शेवटचा, हे कायद्यानेच ठरवून ठेवलं होतं.

पण ती दुसरी बाटली तपासण्याजोगी उरलीच नाही तर? हाच प्रश्न दिल्ली महापालिकेच्या एका गाजलेल्या खटल्यात आला. १९६१ मध्ये दुकानातून दह्याचा नमुना घेतला. खटला भरला १९६२ मध्ये, कित्येक महिने उलटून गेल्यावर. दुकानदाराने आपल्या हक्काप्रमाणे दुसरी तपासणी मागितली, तर केंद्रीय प्रयोगशाळेने कळवलं की दही पार नासलंय, तपासणी होऊच शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने दुकानदाराची सुटका कायम ठेवली. कारण साधं होतं. दुसऱ्या तपासणीचा हक्क हा मोलाचा हक्क आहे आणि सरकारी बाजूच्या दिरंगाईने तो हिरावला गेला, तर नुसत्या पहिल्या अहवालावर माणसाला शिक्षा देता येणार नाही. बघा, इथे कुणी म्हणालं नाही की दही चांगलं होतं. दही कसं होतं हे कायमचं अंधारात राहिलं. याच न्यायालयाने १९७१ मध्ये गुजरातच्या एका खटल्यात दुसरी बाजूही सांगितली. विक्रेत्याने दुसरी तपासणी मागितलीच नसेल, तर नंतर 'माझा हक्क बुडाला' म्हणून रडता येणार नाही.

पुढे दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालांमध्ये आणखी एक मुद्दा पुढे आला. दोन्ही अहवालांत दोष निघाला, पण आकड्यांत फार तफावत असली तर? मग नमुनाच मुळात नीट एकजीव करून घेतला नव्हता, तो त्या मालाचा खरा प्रतिनिधी नव्हता, असं मानून आरोपीला फायदा दिला गेला. म्हणजे पुन्हा तेच आपलं पातेलं ढवळायचं राहिलेलं.

आता तो जुना कायदा नाही. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. यात नमुन्याचे चार भाग करतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे, दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे आणि चौथा भाग, विक्रेत्याने मागणी केली तर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे, त्याच्या खर्चाने. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा. सरकारी अहवाल आणि विक्रेत्याने मागितलेला अहवाल जुळले नाहीत, तर अधिकाऱ्याने आपल्याकडचा एक भाग रेफरल प्रयोगशाळेकडे पाठवायचा. तिचा निर्णय अंतिम. चौथा भाग मागितला नसला, तरी अहवाल हातात पडल्यापासून ३० दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता येतं आणि त्याला पटलं तर तो नमुना रेफरल प्रयोगशाळेकडे धाडतो. कागदावर व्यवस्था चांगली आहे. पण 'चौथा भाग' म्हणजे काय, हे आपल्या गावातल्या किती दुकानदारांना माहीत असेल? ग्राहकांचं तर सोडूनच द्या.

प्रयोगशाळा कुठली, हा प्रश्न किती मोठा असतो ते २०१५ मध्ये मॅगीच्या वेळी साऱ्या देशाने पाहिलं. उत्तर प्रदेशात बाराबंकीला घेतलेल्या नमुन्यावरून प्रकरण सुरू झालं. कोलकात्याच्या प्रयोगशाळेने शिशाचं प्रमाण १७.२ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १७.२ भाग सांगितलं. मर्यादा होती २.५. जून २०१५ मध्ये देशभर बंदी आली, आपल्या राज्यातही. मुलांच्या डब्यातून मॅगी हद्दपार झाली, आठवतं ना? कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. १३ ऑगस्ट २०१५ रोजी न्यायालयाने बंदीचे आदेश रद्द केले. कंपनीला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नव्हती, हे एक कारण. आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती, त्यांना कायद्यानुसार हवी ती मान्यता नव्हती, हे दुसरं. न्यायालयाने हैदराबाद, मोहाली आणि जयपूर इथल्या तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्याने तपासणी करायला सांगितलं. तिथे शिसं मर्यादेत निघालं आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी पुन्हा दुकानात आली.

तेव्हा आमच्याकडे दोन तट पडले होते. एक म्हणे, बघा, उगाच बदनामी केली. दुसरा म्हणे, बड्या कंपनीपुढे सगळे वाकले. मला त्यातून तिसरंच दिसलं. शिशासारखा विषारी पदार्थ, तोही मुलांच्या खाण्यात, आणि तो तपासणाऱ्या प्रयोगशाळेची मान्यता आपण आधी बघू नये? पहिल्याच दिवशी योग्य ठिकाणी तपासणी झाली असती, तर ना आयांच्या जिवाला घोर लागला असता, ना कुणाला शंकेला जागा उरली असती.

उशिराची गोष्ट तर विचारूच नका. हरियाणातल्या एका दुकानातून १९८२ च्या ऑगस्टमध्ये हळदीचा नमुना घेतला. त्यात जिवंत किडे निघाले. शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला २०२० मध्ये. दुकानदार सुटला. का? एक तर अहवाल येईपर्यंतच्या दिवसांत नमुन्यात काही फेरफार झाला नाही, याचा पुरावा समोर नव्हता. दुसरं म्हणजे अहवालात हळद 'कीड लागलेली' किंवा 'खाण्यास अयोग्य' आहे असं स्पष्ट म्हटलेलंच नव्हतं. अडतीस वर्षं! त्या हळदीच्या भाज्या खाल्लेली लेकरं आज आजी-आजोबा झाली असतील. उलट उत्तर प्रदेशातला दुधाचा एक खटला बघा. १९९५ चा नमुना, स्निग्धांश सोडून इतर घनपदार्थ ८.५ टक्के हवे होते ते ७.७ निघाले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली आणि बजावलं की फरक थोडा असला तरी प्रमाण म्हणजे प्रमाण, ते पाळलंच पाहिजे. जिवंत किडे निघालेला सुटला आणि पाऊण टक्का कमी पडलेला अडकला. वरवर बघता उफराटा न्याय वाटतो. पण दोन्हीकडे न्यायालयाने कागदच वाचला. एकीकडे कागदात हवं ते लिहिलं होतं, दुसरीकडे नव्हतं.

अहवालातले शब्दही आपण नीट वाचायला शिकलं पाहिजे. २०११ च्या सरकारी पाहणीत दुधाचे १,७९१ नमुने तपासले, ६८.४ टक्के नमुने प्रमाणात बसले नाहीत. 'देशातलं दोन तृतीयांश दूध भेसळीचं' म्हणून केवढा गाजावाजा झाला! मग २०१८ ची पाहणी झाली. ६,४३२ नमुन्यांपैकी ९३ टक्के सुरक्षित आणि भेसळीचे म्हणाल तर फक्त १२. आता यातलं खरं कुठलं? दोन्ही पाहण्यांमध्ये सात वर्षांचं अंतर तर आहेच, पण प्रश्नही वेगळा आहे. 'प्रमाणात बसत नाही' आणि 'खाल्ल्याने अपाय होईल' या दोन निराळ्या गोष्टी. २०१८ च्या पाहणीतही ४१ टक्के नमुने कुठल्या ना कुठल्या दर्जात कमी पडलेच होते. नव्या कायद्यात म्हणूनच कमी दर्जाचं, चुकीच्या लेबलचं आणि असुरक्षित असे वेगवेगळे प्रकार केलेत. कमी दर्जासाठी ५ लाखांपर्यंत दंड आहे. तो न्यायनिर्णय अधिकारी ठरवतात. असुरक्षित अन्नासाठी मात्र फौजदारी खटला, आणि त्याने कुणाचा जीव गेला तर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा. ती कडक असायलाच हवी. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि साठच्या आसपास माणसं दगावली. भेसळ जीव घेते, हे विसरून चालणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, ताई, तुम्ही दुकानदारांची वकिली का करताय? त्याचं कारण सांगते. आपल्या गावागावांत पापड, लोणची, मसाले, चिवडा विकणाऱ्या कोण आहेत? आपल्याच बचत गटातल्या बाया. कायद्याच्या लेखी त्याही अन्न व्यावसायिकच. आमच्या ओळखीतल्या एका गटाच्या मिरची पावडरचा नमुना घेतला गेला. काही दिवसांनी टपालाने अहवाल आला, राखेचं प्रमाण जास्त, म्हणून कमी दर्जा. राख म्हणजे चुलीतली नव्हे. पदार्थ जाळल्यावर उरते ती. मिरची अंगणात वाळवली की धूळमाती बसते, तीही त्यात मोजली जाते. गटाच्या अध्यक्ष असलेल्या ताईंना वाटलं, नोंदणीचाच काहीतरी कागद असेल. त्यांनी तो ट्रंकेत ठेवला. माझ्याकडे आल्या तेव्हा ३० दिवस होऊन गेले होते. अपील नाही, दुसरी तपासणी नाही. सुनावणीत त्यांनी हात जोडून सगळं सांगितलं. दंड ठरवताना विक्रेत्याला किती फायदा झाला, हे पहिल्यांदाच घडलंय का, याचा विचार करावा असं कायदा सांगतो, त्यामुळे दंड फार मोठा झाला नाही. तरीही गटाच्या सहा महिन्यांच्या कमाईवर पाणी पडलं. दुसऱ्या तपासणीत काय निघालं असतं? कदाचित तेच. पण विचारायचा हक्क होता, तो ट्रंकेत कुजला.

म्हणून माझं म्हणणं असं की दुसरी तपासणी ही चोराला दिलेली पळवाट नाही. ती तुमच्या-माझ्यासाठीही आहे. आज आपण ग्राहक, उद्या विक्रेत्या. पळवाट कुठे असेल तर ती उशिरात आहे, ढिल्या सीलमध्ये आहे, अर्धवट लिहिलेल्या कागदात आहे. ती बुजवायची सोडून पहिल्या अहवालावरच फाशी द्या म्हणणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे.

ग्राहक म्हणून आपली बाजूही कच्चीच असते. पनीर संशयास्पद वाटलं की आपण त्याचा तुकडा डब्यात घालून खासगी लॅबमध्ये नेतो आणि अहवाल नाचवत दुकानात जातो. पण त्या अहवालावर बहुधा बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हा निष्कर्ष फक्त आणून दिलेल्या नमुन्यापुरता आहे. तुकडा त्याच दुकानातला, हे सिद्ध कसं करणार? घरी आयोडीनचा थेंब टाकून पनीरमधला स्टार्च बघणं चांगलंच आहे, सावध व्हायला ते पुरेसं आहे. खटल्याला ते पुरत नाही. त्यासाठी कायद्याच्या ४० व्या कलमात वाट दिली आहे. कुठलाही ग्राहक विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एकच, खरेदी करतानाच दुकानदाराला तसं सांगायचं. अहवालात दोष निघाला तर शुल्क परत मिळतं. एकटीने जायला संकोच वाटत असेल तर मंडळातल्या चौघी मिळून जा, आणि पावती घ्यायला विसरू नका. पावती नसली की पुढचं सगळं तोंडी.

बचत गटातल्या मैत्रिणींना माझं कळकळीचं सांगणं, अधिकारी नमुना घ्यायला आले तर घाबरू नका, भांडूही नका. माल त्यांच्यासमोर नीट ढवळला, कालवला जातोय ना, चारही भाग तुमच्यासमोर सील होतायत ना, ते बघा. चौथा भाग हवा असेल तर तेव्हाच मागा. ज्या कागदावर सही कराल, तो आधी कुणा शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या. आणि टपालाने कागद आला की त्यावर आल्याची तारीख लिहा. तीस दिवस तिथून मोजायचे.

सरकारकडे मागणं एवढंच आहे की मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आमच्या जिल्ह्याच्या आवाक्यात असू दे. दुधाचा नमुना उन्हातान्हात एसटीच्या टपावरून जाऊ नये, थंड पेटीतून जावा. आणि दिवाळीत जप्तीच्या बातम्या देता ना, तशीच दर वर्षी एक यादीही द्या. कुठला नमुना, पहिला अहवाल काय, दुसरा काय, निकाल काय. पेपरवाल्यांनीही ती फोटोइतक्याच मोठ्या जागेत छापावी. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असं आपली म्हातारी माणसं म्हणत. पण भेसळीच्या खटल्यात कोर्टाची पायरी शेवटची असते. पहिली पायरी त्या काउंटरवर असते, जिथे पातेलं ढवळलं जातं आणि बाटलीला लाख लागते. तिथे आपण डोळे उघडे ठेवून उभ्या राहिलो, तर दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी व्हायला अडतीस वर्षं लागणार नाहीत.